हायलँडरचा फिल्टर



या वर्षी मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढे एक नवीन आलेला मुलगा होता, पुण्याहून मास्टर्स करायला आलेला. ओळखपाळख झाल्यावर त्याने विचारलं, "काका, रोबॉटिक्सच्या रिसर्च ग्रुपमध्ये इंजिनिअरिंग लीड म्हणजे तुम्ही नक्की करता काय? अल्गोरिदम?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, अल्गोरिदम पीएचडीवाले करतात. मी कनेक्टर मोजतो." तो हसला. त्याला वाटलं, काका विनोद करताहेत. तेवढ्यात मसालेभात ताटात पडला आणि विषय तिथेच राहिला. पण घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं, कारण मी विनोद केला नव्हता. म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बसा.

मला पिट्सबर्गला येऊन वीस वर्षांहून जास्त झाली. माझा ग्रुप कार्नेगी मेलन विद्यापीठाचा नाही, पण पंढरपुरात राहून विठोबा टाळता येत नाही, तसं या गावात रोबॉट बनवणाऱ्याला कार्नेगी मेलन टाळता येत नाही. तिथली रोबॉटिक्स इन्स्टिट्यूट १९७९ सालची. पहिले संचालक राज रेड्डी, आंध्रातले, चित्तूर जिल्ह्यातले. त्यांच्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. आज मात्र मला सांगायचं आहे ते तिथल्याच विल्यम व्हिटेकर यांच्याबद्दल आणि त्यांच्या एका गाडीबद्दल. व्हिटेकरना सगळं जग 'रेड' म्हणतं, मीही तेच म्हणतो.

रेड मूळचे सिव्हिल इंजिनिअर. मध्ये काही काळ मरीन्समध्ये होते, आणि तो मरीन त्यांच्या बोलण्याचालण्यातून कधी गेला नाही असं त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक सांगतात. त्यांची पीएचडी झाली १९७९ साली, आणि त्याच वर्षी २८ मार्चला आमच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला. दोन नंबरच्या अणुभट्टीचा गाभा बराचसा वितळला आणि इमारतीच्या तळघरात किरणोत्सारी पाणी साचलं. वर्षं गेली तरी तळघरात माणूस पाठवायची सोय नव्हती. १९८४ साली तिथे जे यंत्र सोडलं गेलं ते रेड आणि त्यांच्या माणसांनी बनवलेलं. सहा चाकं, कॅमेरे, दिवे, आणि मागे लांबच लांब केबल. बुद्धी म्हणाल तर शून्य, वर बसलेला माणूस टीव्हीवर बघून ते चालवायचा. आजच्या विद्यार्थ्याला दाखवलं तर म्हणेल, यात रोबॉट काय आहे? पण ते यंत्र आत गेलं आणि त्याने काम केलं. आत गेल्यावर एखादी वायर सुटली तर ती खोचायला कोणी जाणार नव्हतं. सगळ्या डिझाइनचं मूळ या एका वाक्यात होतं.

त्यानंतरचा एक फसलेला प्रयोगही सांगतो. दान्ते नावाचा आठ पायांचा रोबॉट. अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबस या जिवंत ज्वालामुखीत तो उतरवायचा बेत होता, १९९३ च्या अगदी सुरुवातीला. सहा-साडेसहा मीटर खाली गेला असेल-नसेल, त्याच्या केबलमधली फायबर ऑप्टिकची तार तुटली आणि वरच्या माणसांशी संपर्क संपला. पाय शाबूत, मोटारी शाबूत, प्रोग्रॅम शाबूत. इतक्या लांब नेलेली मोहीम एका तारेवर संपली. त्याच वर्षी ज्वालामुखींच्या दोन वेगवेगळ्या घटनांत आठ शास्त्रज्ञ विवरापाशी काम करताना मेले, त्यामुळे हा काही हौसेचा खेळ नव्हता. १९९४ च्या उन्हाळ्यात जॉन बेअर्स यांच्या नेतृत्वाखाली दान्ते दोन अलास्कातल्या माउंट स्परमध्ये उतरला, पाच दिवसांहून अधिक काळ विवरात राहिला, वायूंची मोजमापं केली, आणि वर येताना कलंडला. मी याला यश म्हणतो. कलंडला तो काम आटोपल्यावर.

आता मुख्य गोष्ट.

डार्पा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था, हिने २००४ साली एक शर्यत ठेवली. मोहावी वाळवंटात बार्स्टोपासून नेवाडाच्या हद्दीपर्यंत सुमारे १४२ मैल, गाडीत माणूस नाही, लांबून कोणी चालवायचीही नाही. बक्षीस दहा लाख डॉलर्स. रेडनी लगेच आपला संघ जाहीर केला, नाव अर्थातच 'रेड टीम'. त्यातले बरेचसे विद्यार्थी, काही तर चक्क या कामाचा कोर्स घेऊन आलेले. गाडी होती १९८६ ची लष्करी हमवी, तिचं नाव सँडस्टॉर्म. तांत्रिक बाजूचा प्रमुख होता ख्रिस अर्मसन, कॅनडातून आलेला, तेव्हा त्याची पीएचडीही पुरी झाली नव्हती.

टेस्टिंग कुठे करायचं? वाळवंट तर इथून दोन हजार मैलांवर. पण पिट्सबर्गमध्ये एक वेगळं वाळवंट होतं, पोलाद उद्योगाने मागे सोडलेलं. मोनोंगहेला नदीच्या काठी हेझलवुडला जुन्या कोक प्लांटची मोठी जागा बंद पडून होती. काळी माती, मोडके रूळ, पडके शेड. इथला हिवाळा तुम्हाला माहीत आहे. त्या थंडीत रात्र रात्र ती पोरं तिथे हमवीच्या मागे फिरत होती.

शर्यतीच्या तोंडावर सँडस्टॉर्म एका चाचणीत उलटली. डोक्यावरचा मुख्य सेन्सर आणि तो स्थिर ठेवणारं गिम्बल यांचा चुराडा. दिवस-रात्र एक करून जमेल तसं जोडलं आणि १३ मार्च २००४ ला उभे राहिले. पंधरा गाड्या पात्र ठरल्या होत्या, एकही पोहोचली नाही. सगळ्यात लांब गेली ती सँडस्टॉर्मच, ७.४ मैल! एका वळणावर बांधावर चढून अडकली, चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि टायरमधून धूर निघाला. पेपरवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली. पण गाडी वाळवंटात आपली आपण सात मैल गेली, हे टिंगल करताना राहून गेलं.

दुसरी शर्यत ८ ऑक्टोबर २००५. बक्षीस वीस लाख. या वेळी रेडनी दोन गाड्या उतरवल्या, जुनी सँडस्टॉर्म आणि १९९९ ची हमर, हायलँडर. इथे मला त्यांचं डोकं फार आवडतं. दोन्ही गाड्यांना एकच डाव खेळायला लावला नाही. सँडस्टॉर्मने सावकाश, सांभाळून, सात तासांच्या आसपास यायचं. हायलँडरने जोरात, सव्वासहा तासांच्या आसपास. एक गाडी पोहोचण्यासाठी, दुसरी जिंकण्यासाठी. शर्यतीच्या आधी फक्त दोन तास मार्गाची सीडी हातात मिळायची. मग एका ट्रेलरमध्ये माणसं रांगेने बसून उपग्रहाच्या चित्रांवर तो मार्ग तुकड्यातुकड्याने तपासायची आणि कुठे किती वेग ते ठरवायची. आपल्याकडे लग्नघरी पहाटे पंगतीची तयारी चालते तसा तो ट्रेलर, फक्त सगळे गप्प.

पलीकडे होतं स्टॅनफर्ड. त्यांचा म्होरक्या सबॅस्टियन थ्रन हा स्वतः काही वर्षांपूर्वीपर्यंत कार्नेगी मेलनमध्येच प्राध्यापक. त्यांची गाडी स्टॅनली, फोक्सवॅगनची टुआरेग. त्यांनी उघडच म्हटलं होतं की हा प्रश्न आम्ही सॉफ्टवेअरचा प्रश्न म्हणून सोडवणार. गाडी जवळजवळ कंपनीतून आली तशी ठेवली, आणि पुढचा रस्ता कसा आहे हे गाडीने धावता धावता शिकावं यावर सगळा जोर.

हायलँडर सगळ्यांच्या आधी सुटली आणि पुढे राहिली. मग हळूहळू तिचा जीव कमी होऊ लागला. चढावर इंजिन ओढेना, एकदोनदा गाडी थांबून मागे घसरली. सुमारे शंभर मैलांवर स्टॅनलीने तिला गाठलं आणि मागे टाकलं. स्टॅनली ६ तास ५४ मिनिटं, सँडस्टॉर्म ७ तास ५ मिनिटं, हायलँडर ७ तास १४ मिनिटं. सँडस्टॉर्म ठरल्या वेळेच्या आगेमागे, अगदी शहाण्या मुलीसारखी आली. वीस लाख डॉलर्स अकरा मिनिटांनी गेले.

हायलँडरच्या इंजिनाला काय झालं ते कळलं नाही. उघडून पाहिलं, तपासलं, काही सापडलं नाही. आणि कारण सापडलं नाही की काय होतं, तर कारण म्हणून जी गोष्ट हाताशी असते ती चिकटते. त्यानंतरची कित्येक वर्षं मी परिषदांमध्ये आणि लॅबमध्ये ऐकलं ते असं: २००५ ला सॉफ्टवेअरने लोखंडाला हरवलं. स्टॅनफर्डने यंत्राला शिकवलं, पिट्सबर्गने नुसता लोहारकी रोबॉट बनवला. फंडिंगची प्रपोजल्स या वाक्यावर लिहिली गेली. आमच्यासारख्या ग्रुपमध्ये मेकॅनिकलची माणसं कमी करून सॉफ्टवेअरची वाढवली गेली, तेव्हाही हेच वाक्य टेबलावर होतं. मीही ते वापरलं आहे, खोटं कशाला बोलू?

मग एक तप गेलं. २००७ च्या तिसऱ्या शर्यतीची दशकपूर्ती आली, म्हणून २०१७ साली कार्नेगी मेलनमध्ये जुन्या गाड्या साफ करून बाहेर काढत होते. स्पेन्सर स्पायकर, जो २००५ ला संघात गाड्यांची व्यवस्था बघायचा, हायलँडरच्या इंजिनापाशी काहीतरी करत होता. इंजिन चालू होतं. त्याचा गुडघा एका छोट्या डबीवर टेकला आणि इंजिन मरायला आलं. गुडघा काढला, इंजिन पूर्ववत. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ती डबी म्हणजे इंजिनचं नियंत्रण करणारा कॉम्प्युटर आणि इंधनाचे इंजेक्टर यांच्यामधला एक इलेक्ट्रॉनिक फिल्टर. विजेचा खरखराट गाळणारा, एरवी कोणी ढुंकून बघणार नाही असा.

आणि आता मागचा एक धागा जोडायचा, जो मी मुद्दाम सांगितला नव्हता. २००५ च्या शर्यतीला काही आठवडे उरले असताना हायलँडरसुद्धा एका चाचणीत उलटली होती, चाकं वर. तिला सरळ केलं, दुरुस्त केलं, ती पुन्हा धावली. तो फिल्टर त्या उलटण्यातच दुखावला असावा असा तर्क आहे. सपाटीवर भागत होतं. वाळवंटातल्या हिसक्यांनी आणि चढावर मात्र इंजेक्टरना कधी निरोप मिळे, कधी न मिळे.

लगेच कोणी म्हणू नका की म्हणजे बक्षीस खरं तर पिट्सबर्गचं. तसं नाही. स्टॅनली १३२ मैल आपल्या बुद्धीने आली, ते कोणाच्या फिल्टरमुळे नव्हे. आणि गाडी शाबूत ठेवणं हा शर्यतीचाच भाग होता. माझं म्हणणं एवढंच की बारा वर्षं आम्ही ज्या गोष्टीवरून मतं बनवली, माणसं घेतली आणि काढली, ती गोष्ट अर्धवट होती.

२००७ चं थोडक्यात सांगतो. ३ नोव्हेंबरला व्हिक्टरव्हिलच्या जुन्या विमानतळावर शहरी रस्त्यांची शर्यत झाली. कार्नेगी मेलनची बॉस नावाची शेव्हरोले टाहो जिंकली, स्टॅनफर्डची गाडी दुसरी. तांत्रिक प्रमुख पुन्हा अर्मसन. आधी सुमारे ३००० किलोमीटर गाडी आपली आपण चालवून घेतली होती. आणि तरी सुरुवातीलाच गाडी जागची हलेना, जीपीएस बंद! शोधता शोधता कळलं की प्रेक्षकांसाठी शेजारी लावलेला भलामोठा टीव्हीचा पडदा सिग्नल मारतोय. पडदा बंद केला, गाडी निघाली. २००५ ला जे बारा वर्षं सापडलं नाही तसलंच काहीतरी इथे काही मिनिटांत सापडलं. मला नेहमी वाटतं की मधल्या दोन वर्षांत ही माणसं हेच शिकली होती: गाडी अडली की आधी प्रोग्रॅमवर संशय न घेता आजूबाजूला काय बदललं ते बघायचं. अर्मसन पुढे २००९ साली गुगलच्या गाडीच्या कामावर गेला, आणि आज स्वयंचलित गाड्यांचा जो उद्योग दिसतो त्यातली कितीतरी मोठी नावं या तीन शर्यतींतून आलेली आहेत. ते सगळं तुम्हाला बातम्यांतून माहीत आहेच.

आता माझं. हे लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

२०११ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या ग्रुपने बोगद्यांची पाहणी करणारा, पट्ट्यांवर चालणारा एक रोबॉट बनवला होता, वजन दोनशे किलोच्या वर. स्पॉन्सरला दाखवायला नऊ दिवस होते. ट्रेलरवर चढवताना तो रॅम्पवरून कडेने खाली पडला. आमचा टेक्निशियन तेव्हा साठीचा होता. त्याच्या वडिलांची सगळी नोकरी त्याच हेझलवुडच्या कोक प्लांटमध्ये झालेली. त्याने रोबॉटभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, बॅटरीपासून मोटर कंट्रोलरपर्यंतचं सगळं वायरिंग नवीन घालू, चार दिवस दे. मी म्हटलं, मल्टिमीटरने तपास, सलग असेल तर पुढे चल. तपासलं. सलग होतं. मी सही केली. तो काही बोलला नाही, फक्त आपल्या वहीत तारीख लिहिली.

डेमोला रोबॉट चाळीस मिनिटं छान चालला आणि चढावर थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. स्पॉन्सरसमोर मीच म्हणालो, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंगचा प्रॉब्लेम दिसतोय. त्या वेळी मला ते खरंही वाटत होतं. आमच्याकडे एक पंचविशीचा प्रोग्रॅमर होता. टास्क शेड्युलर त्याने लिहिलेला, म्हणून शोध त्याच्यावर आला. तो दोन महिने ती चूक शोधत होता. नसलेली चूक कशी सापडणार? वर्षअखेरीला त्याच्या मूल्यमापनात मी लिहिलं की टायमिंगचे दोष वेळेत दूर करता आले नाहीत. त्याची बढती राहिली आणि वसंतात तो सोडून गेला.

पुढच्या हिवाळ्यात सुट्या भागांसाठी तो रोबॉट उघडला, तेव्हा टेक्निशियनने मला हाक मारली. एका कनेक्टरमधली एक पिन मागे सरकलेली. मल्टिमीटर लावला तर सलग, केबल जरा वाकवली की तुटक. आम्ही दोघांनी ती पाहिली. त्याने वहीतली तारीख मला दाखवली नाही, तेही मला दिसलं. मी त्या मुलाला काही कळवलं नाही. तो दुसरीकडे लागला होता, बरं चाललं होतं, आता कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, ते तुम्हाला कळतंच.

२०१७ साली हायलँडरच्या फिल्टरची बातमी वाचली ती ऑफिसमध्ये, सकाळी. दार लावून घेतलं आणि त्या मुलाला ई-पत्र लिहिलं. पिनची गोष्ट सगळी, मी सही केल्याची, मूल्यमापनाचीही. पाच-सहा वेळा खोडलं. पाठवलं.

चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: म्हणजे शेड्युलर नव्हता तर.

त्यावर मी काय लिहिणार?

टेक्निशियन २०१८ ला निवृत्त झाला. आता आमच्याकडे पडलेल्या, आपटलेल्या किंवा भिजलेल्या रोबॉटला पिवळी चिठ्ठी लागते आणि ज्या ज्या भागाला हिसका बसला असेल तो बदलल्याशिवाय किंवा हलवून, वाकवून, तापवून तपासल्याशिवाय ती निघत नाही. पीएचडीची मुलं कुरकुरतात, त्यांचे आठ-आठ दिवस जातात, पेपरच्या तारखा चुकतात. चिठ्ठीवर सही माझी लागते. महाप्रसादाच्या रांगेत मी म्हटलं ते हेच, कनेक्टर मोजतो.

ता. क. - हेझलवुडची ती जागा आता ओळखू येत नाही. जुन्या गिरणीचं छप्पर-भिंती काढून नुसता लोखंडी सांगाडा ठेवलाय, वर सोलर पॅनल्स, आणि आत २०१९ पासून कार्नेगी मेलनचे रोबॉटवाले बसतात. पिट्सबर्गला देवळासाठी येणारे बरेच जण असतात, त्यांनी तासभर काढून नदीकाठाने तिथवर जरूर चक्कर मारावी. डिसेंबरात येणार असाल तर कानटोपी आणा :-)